जनेल, सफरचंद आणि बदक

चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पेडण्याच्या घरात पहिल्या नेवरीपासून तिसऱ्या नेवरीपर्यंत शांतता असते. चौथ्या नेवरीला वाद सुरू होतो. विषय दरवर्षी वेगळा. गणपतीवरची माटोळी बांधायला उशीर कोणामुळे झाला, हा सनातन. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा पुढची चार-पाच वर्षं डिचोलीची मंडळी आली की खाण हाच विषय. मग मोपाला विमानतळ आला आणि पेडणेकरांना हक्काचा विषय मिळाला. २०२५च्या चवथीला मात्र भांडण जुंपलं ते वसरीच्या कोपऱ्यात, आईने विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली बसलेल्या आमच्या कंप्युटरवरून.

झालं असं. नव्या पिढीला आरत्या पाठ नाहीत. दुसऱ्या कडव्याला सगळे नुसते ओठ हलवतात आणि आवाज एकट्या माझा येतो. म्हणून आरत्यांचे चार कागद छापावेत, या धर्मकार्यासाठी मी कंप्युटर चालू केला. पडद्यावर सूचना आली : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत आहे आणि आपलं यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही. पेपरातल्या निधनवार्ता मी मोठ्याने वाचतो. त्याच सवयीने हीही वाचली.

आईला कमी ऐकू येतं, पण नको तेवढं नेमकं येतं. तिने आतून विचारलं, "कोण गेलो?"

"कोणी गेलं नाही गं. विंडोजचा सपोर्ट जाणार."

"जनेलां काडटले?"

आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात. पोर्तुगिजांचा शब्द. ते गेले, जनेल राहिलं. जुन्या घरांच्या जनेलांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन बसवलेले असत. उजेड आत येई, पण पलीकडचं काही दिसत नसे. भाचा म्हणाला, "आजी बरोबर बोलली. विंडोजचं तसंच आहे. उजेड येतो, पण आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही." आणि त्याने चौथी नेवरी उचलली.

एवढं पुरलं.

आता वादी-प्रतिवादींची ओळख करून देतो. पहिला, माझा डिचोलीचा मेहुणा. दर चवथीच्या दुसऱ्या दिवशी तो बहिणीला भेटायला येतो आणि सोबत एक फणस, दोन नारळ आणि तीन ठाम मतं आणतो. दुसरा, त्याचाच मुलगा, म्हणजे वर उल्लेखलेला भाचा. इंजिनिअरिंगला आहे. दाढी ठेवली आहे आणि लिनक्स वापरतो. आधी काय झालं ते मला माहीत नाही. तिसरी, माझी पुण्याची पुतणी. जाहिरातींचं डिझाइन करते. तिच्याकडे कंप्युटर नाही. तिच्याकडे 'मॅक' आहे. हा फरक तिने मला तीनदा समजावून सांगितला आहे.

मेहुण्याचं डिचोली बाजारात छपाईचं दुकान आहे. जत्रेची हँडबिलं, लग्नपत्रिका, बाराव्याची कार्डं, नाटकाच्या जाहिराती. तालुक्यात कोणी लग्नाला उभा राहो, नाटकात उभा राहो की निवडणुकीला, त्याचं नाव मेहुण्याच्या पडद्यावरून गेलेलं असतं. दुकानात कंप्युटर दोन. एक नवा, चकचकीत, गिऱ्हाइकाला दाखवायला. दुसरा विंडोज एक्सपीचा, पेजमेकरमध्ये पानं जुळवायचं खरं काम करायला.

एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ रोजी आणि तिचा सपोर्ट संपला ८ एप्रिल २०१४ रोजी. म्हणजे २०२५च्या चवथीला तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मेहुण्याच्या दुकानात मात्र दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ पडते. फोटोला घालतात तशी नव्हे, अवजाराला घालतात तशी. इंटरनेटची वायर त्याने तिला कधीच लावली नाही. बाळंतिणीला जपावं तसं बाहेरचं वारं लागू दिलेलं नाही, त्यामुळे व्हायरस नाही, अपडेट नाही, कटकट नाही.

हा अडाणीपणा नाही. त्यामागे एक कारण आहे आणि ते कारण देवनागरी आहे. जुन्या मराठी फॉन्टांची गंमत अशी होती की कंप्युटरला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय. आत इंग्रजी अक्षराचा आकडा, वर मराठी अक्षराचा मुखवटा. दशावतारात धोतर सावरत शेजारचा गडी द्रौपदी होऊन यावा तसा. मुखवटा आहे तोवर द्रौपदी. पण तीच फाइल ज्या कंप्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे उघडली की मुखवटा गळून पडतो. एका व्याख्यानाची टाचणं मी अशीच पेन ड्राइव्हवर घालून नेली होती. आयोजकांच्या कंप्युटरवर उघडली तर डॉलरची चिन्हं, टोपी घातलेले फ्रेंच स्वर आणि उलटी प्रश्नचिन्हं. मी न वाचता बोललो. श्रोत्यांनी नंतर आवर्जून सांगितलं की दरवर्षी असंच बोला.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. क म्हणजे ०९१५, मग तो पेडण्यात असो की पॅरिसमध्ये. ही व्यवस्था १९९१ सालापासून कागदावर आहे. विंडोज २००० बरोबर मंगल नावाचा फॉन्ट आला. एक्सपीत मराठी हवी तर सेटिंगमध्ये खोल जाऊन एका चौकटीत खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. सीडी नेमकी त्याच आठवड्यात कोणीतरी मागून नेलेली असायची.

"मग आता घे ना युनिकोड," भाचा बापाला म्हणाला.

मेहुण्याने उत्तराऐवजी टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली आणि हवेत 'कार्यक्रम' टाइप करून दाखवलं. "क, काना, य, आणि मग शेवटी वर रफार. डोक्यावर टोपी ठेवावी तसा. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. हाताने पाटीवर काढतो तसं. तुझ्या युनिकोडात काय? आधी र, मग त्याचा पाय मोडायचा, मग य, आणि रफार आपोआप वर चढणार. पंचवीस वर्षं माझा रफार शेवटी येतोय. तो आधी आणायला सांगतोस म्हणजे माझ्या दहा बोटांचं धर्मांतर करायला सांगतोस."

हा मुद्दा बिनतोड होता. मी स्वतः शाळेत मराठी शिकवलं आहे. रफार शेवटीच द्यायचा असतो, हे मीच शेकडो मुलांना छडी दाखवून सांगितलं आहे.

शिवाय मेहुण्याला एक्सपीचा तो मागचा फोटोही सोडवत नाही. हिरवीगार टेकडी, वर निळं आभाळ, दोन-चार कापूस पिंजल्यासारखे ढग. छायाचित्रकार चार्ल्स ओरियर याने १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात रस्त्याकडेला गाडी थांबवून तो काढला. मेहुण्याचं म्हणणं, तो मोपाचा सडा आहे, विमानतळ होण्याआधीचा, जुलैच्या अखेरीस पाऊस उघडल्यावरचा. मी त्याला कॅलिफोर्निया सांगून पाहिलं. तो म्हणाला, "भावजी, तुम्ही सडा बघितला नाही की कॅलिफोर्निया बघितला नाही?" मी कॅलिफोर्निया बघितलेला नाही.

इथे पुतणीने तोंड घातलं. तिचा लॅपटॉप उघडला की आजूबाजूचे सगळे थोडे ताठ बसतात. त्याची किंमत तिने आईला सांगितली नाही. मला सांगितली. दोन दुभत्या म्हशी सहज आल्या असत्या, आणि त्यांना चार्जर लागत नाही. मॅकवाल्यांचा युक्तिवाद फार छोटा असतो : चालतं. बस, चालतं. का चालतं, कसं चालतं, हे विचारायचं नाही. विचारलंत तर तुम्हाला दुसऱ्या कंप्युटरचा वाईट अनुभव आहे असं समजून तुमच्याकडे मायेने बघतात. पहिला मॅकिंटॉश २४ जानेवारी १९८४ रोजी आला आणि तेव्हापासून ही मंडळी अशीच मायेने बघत आहेत.

त्यांच्या सिस्टमींना नावंही कशी? आधी एकाहून एक मार्जारकुळातली : चित्ता, प्यूमा, जग्वार, पँथर, टायगर, बिबट्या. २०१२च्या माउंटन लायनपाशी मांजरं संपली, म्हणून २०१३पासून कॅलिफोर्नियातल्या जागांची नावं सुरू झाली. मी पुतणीला म्हटलं, कंपनी पेडण्यात असती तर आज आपण मॅकओएस केरी, मॅकओएस हरमल आणि मॅकओएस मोरजी वापरत असतो. भाचा म्हणाला, मोरजीच्या आवृत्तीत पाट्या आपोआप रशियनमध्ये आल्या असत्या.

मेहुण्याला मॅक मान्य नाही, आणि त्याचं कारण तात्त्विक आहे. खिडकी बंद करायचं बटण विंडोजमध्ये उजव्या कोपऱ्यात, मॅकमध्ये डाव्या. "हे म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर टाकून सत्यनारायण सांगण्यासारखं झालं," तो म्हणाला. "अपसव्य करून लग्नपत्रिका काढू का मी?" हसू नका. उबुंटूवाल्यांनी २०१० साली हीच बटणं उजवीकडून डावीकडे नेली होती. जगभर बोंबाबोंब झाली. २०१७ साली ती मुकाट्याने पुन्हा उजवीकडे आली. सव्य-अपसव्याचा प्रश्न फक्त डिचोलीत नाही.

आता भाचा. त्याच्या लॅपटॉपवर एक पेंग्विनचं स्टिकर आहे. आई त्याला बदक म्हणते. "ह्या बदकाक कितें जाय?" असं ती विचारते, तेव्हा भाचा लिनक्सची कथा सांगतो आणि ती कथा, मान्य करायला हवं, चांगली आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी छंद म्हणून एक सिस्टम करतोय, फार मोठं काही नाही. मग ती सगळ्यांना फुकट देऊन टाकली. उघडून बघा, बदला, वाटा. जगभरच्या लोकांनी उघडली, बदलली, वाटली. आईचा यावर एकच प्रश्न असतो, "त्याची आवय कितें म्हणाली?"

लिनक्सचं आणि माझंही एक जुनं प्रकरण आहे, ते मी त्या दिवशी बाहेर काढलं नाही. इथे काढतो. त्या काळी उबुंटूची सीडी मागितली की घरपोच फुकट यायची. ही सोय २०११ पर्यंत होती. २००६ साली पोस्टमन माझ्या नावाचं परदेशी पाकीट घेऊन आला, तेव्हा वाड्यावर दोन तर्क निघाले. एक, मला लॉटरी लागली. दोन, मी पोर्तुगालचा पासपोर्ट करतोय. पाकिटात सीडी निघाली. त्या आवृत्तीचं नाव होतं डॅपर ड्रेक, म्हणजे रुबाबदार बदक. तेव्हा आई पेंग्विनला बदक म्हणते त्याला इतिहासाचा आधार आहे.

मी सीडी घातली. बदकाने नम्रपणे विचारलं, डिस्कचा काही भाग हवा की संपूर्ण? कोणी काही मागितलं तर हात आखडता घेऊ नये, असे माझ्यावर संस्कार. मी संपूर्ण म्हटलं. अर्ध्या तासाने सुंदर तपकिरी पडदा आला. त्या डिस्कवर आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे चौदा लेख होते, हे मला तपकिरी पडद्याकडे बघता बघता आठवलं. चूक माझी, बदकाची नव्हे. त्याने विचारलं होतं. मुख्याध्यापकांना त्यांचं मनोगत पुन्हा लिहायला सांगावं लागलं. आठ पानांचं होतं, दुसऱ्यांदा दोन पानांत आटोपलं. गावात अजून म्हणतात, स्मरणिका काय झाली होती!

खरं तर लिनक्स आमच्याकडे बऱ्याच आधी येऊन गेलं होतं. २००२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने सायबरएज योजना आणली आणि अकरावीतल्या मुलांच्या घरी कंप्युटर पोचू लागले. फ्रिज नसलेल्या घरात कंप्युटर आला. त्याच्या खोलीत चपला बंद, पंखा चालू, वर प्लास्टिकचं आवरण, आणि मृगाचा पहिला गडगडाट ऐकला की पोरगं धावत जाऊन प्लग ओढायचं. त्याच काळात गोवा स्कूल्स कंप्युटर्स प्रोजेक्ट या उपक्रमातून परदेशात वापरून झालेले संगणक इथल्या शाळांत आले, आणि त्यांवर लिनक्स चालवायला रेड हॅट कंपनीने हात दिला. म्हणजे गोव्यातल्या कितीतरी पोरांनी शाळेत बदक पाहिलं आणि घरी जनेल. कुठलं आवडलं, असं कोणी विचारलं नाही. घरी पत्त्यांचा सॉलिटेअर होता.

लिनक्सवाल्यांची खरी अडचण अशी की त्यांचं एक गाव नाही. भाच्याला विचारा, कुठलं लिनक्स? तो मिंट वापरतो. मिंट २००६ साली उबुंटूतून निघालं, उबुंटू २००४ साली डेबियनमधून, आणि डेबियन १९९३ सालचं आजोबा. याला ते लोक फोर्क म्हणतात. आम्ही याला नाट्यमंडळ फुटणं म्हणतो. आमच्याकडे वाड्यावर जत्रेला नाटक होतं. संभाजीची भूमिका कोणाला, यावरून तालमीत बिनसतं. एक गट उठून जातो आणि पुढच्या जत्रेला शेजारच्या वाड्यावर नवं मंडळ उभं राहतं. नाटक तेच, पडदा तोच, पेटीवालाही तोच, दोन्हीकडे वाजवतो. फक्त संभाजी वेगळा. भाच्याने ही उपमा मान्य केली. पेटीवाल्याला तो कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, म्हणतो, इतकंच.

दुपारपर्यंत वाद चांगला पिकला. आमच्यात भांडण मराठीत सुरू होतं, रंगात आलं की कोकणीत उतरतं, आणि कोणी इंग्रजीत बोलू लागला की समजावं तो हरतोय. मेहुणा म्हणाला, विंडोज ८ मध्ये २०१२ साली त्यांनी स्टार्टचं बटण काढलं होतं. घराचा उंबरठा काढला, लोक दारात अडखळून पडले, मग पुढच्या वर्षी गुपचूप परत बसवला. त्या दिवसापासून मी नवीन काही घेणं सोडलं. पुतणी म्हणाली, म्हणून तर मॅक घ्या. भाचा म्हणाला, म्हणून तर लिनक्स घ्या. मेहुणा म्हणाला, म्हणून तर एक्सपी.

मग भाच्याने ब्रह्मास्त्र काढलं. "बाबा, नार्व्याला कोण आहे?"

डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. मूळ स्थान नदीपलीकडे, दिवाडी बेटावर. सोळाव्या शतकात तिथलं देऊळ पाडलं गेलं, तेव्हा भक्तांनी देव नदी ओलांडून अलीकडे आणला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला.

"देवांनी नदी ओलांडली," भाचा म्हणाला, "आणि तुम्ही पेजमेकर सोडायला तयार नाही."

वसरीत शांतता पसरली. मेहुण्याने हातातली नेवरी खाली ठेवली. "देव तोच राहिला, जागा बदलली. माझी वीस वर्षांपूर्वीची लईराईच्या जत्रेची फाइल तुझ्या लिनक्सवर तशीच्या तशी उघडून दाखव. एक वेलांटी इकडची तिकडे होता कामा नये. मी उद्या नदी ओलांडतो."

भाचा गप्प. ती फाइल तशी उघडत नाही, हे त्यालाही माहीत होतं. आणि मला त्या क्षणी आमच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आठवली.

त्या ट्रंकेत पणजोबांचे कागद आहेत. काही मोडीत, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता आणि राजवट बदलली तरी घरचा हिशेब मोडीतच चालला. काही पोर्तुगीजमध्ये, शिक्क्यांसकट. मोडीचा सपोर्ट आमच्या घरापुरता आजोबांबरोबर संपला. पोर्तुगीजचा १९ डिसेंबर १९६१ रोजी. फाइली शाबूत आहेत. कसर सोडली तर कोणी हात लावलेला नाही. उघडणारी माणसं गेली. आमच्या जमिनीचा एक तुकडा त्या ट्रंकेत आहे असं वडील सांगत. तो किती आणि कुठे, ते अजून ट्रंकेतच आहे. तेव्हा मेहुणा एक्सपी सोडत नाही तो हट्टापायी नव्हे. तो एकटा माणूस तालुक्याची मोडी सांभाळून बसला आहे.

हे मी बोलून दाखवणार, तेवढ्यात वीज गेली.

पेडण्याची वीज कुठलीही सिस्टम मानत नाही. विंडोज गेलं, टीव्ही गेला, मिक्सर गेला. पुतणीचा मॅक बॅटरीवर चालू राहिला आणि ती मायेने सगळ्यांकडे बघू लागली. स्वयंपाकघरात खतखतं शिजत होतं आणि आत मिट्ट काळोख, म्हणून सगळ्यांनी खिशातून मोबाइल काढून टॉर्च लावले. सहा-सात टॉर्चांच्या उजेडात भाच्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटलं.

"बाबा, तुमचा फोन अँड्रॉइड?"

"मग?"

"काका, तुमचा?"

"अँड्रॉइड."

"आजी?"

आईचाही अँड्रॉइड. ती त्यावर कीर्तनं बघते आणि कोणाला फोन लावायचा असेल तेव्हा मला हाक मारते.

"अँड्रॉइडच्या आत लिनक्सचा कर्नल आहे," भाचा म्हणाला. "तुम्ही सगळे कित्येक वर्षं लिनक्स वापरताय. ताईचा आयफोन तेवढा वेगळा, पण तोही युनिक्सच्याच भावकीतला. म्हणजे चुलत."

मेहुण्याने आपला फोन उलटासुलटा करून बघितला. ज्याला जन्मभर वैरी मानलं तो मागच्या खोलीत भाड्याने राहतोय हे कळावं, तसा. मग म्हणाला, "पण माझा मराठी कीबोर्ड मीच निवडलाय."

हे ऐकून मला वाटलं, आपण उगाच भांडतोय. सिस्टम कोणी निवडलेलीच नसते. मी विंडोजवाला झालो, कारण शेजाऱ्याच्या ज्या मुलाने पहिल्यांदा कंप्युटर लावून दिला, त्याच्याकडे मार्करने नाव लिहिलेली तीच एक सीडी होती. त्याच्याकडे दुसरी असती तर आज मी दुसऱ्या बाजूने तावातावाने बोललो असतो. कुळदेवही आपण निवडत नाही, पण त्याच्यावरून पालखीच्या मानासाठी भांडतो.

आणि एकाच सिस्टमीवर राहायचं, ही कल्पना मुळात गोंयकाराची नव्हेच. आमच्या घरात बोलतात कोकणी, पत्र आणि आरती मराठीत, पोरांची शाळा इंग्रजीत, आणि जनेल पोर्तुगीज. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याला एकदा ठणकावून विचारलं गेलं : महाराष्ट्रात विलीन की वेगळं? फूल की दोन पानां? आमच्या पेडणे-डिचोलीकडे फुलाचा जोर, पण ३४,०२१ मतांच्या फरकाने पानां जिंकली. हरलेल्यांनी काय केलं? कोकणीत हळहळले आणि दुसऱ्या दिवशी पेपर मराठीत वाचला. पुढे १९८७च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि त्याच कायद्याने शासकीय कामात मराठीलाही जागा ठेवली. एका यंत्रात दोन सिस्टमी शेजारी शेजारी. भाचा याला ड्युअल बूट म्हणतो. हे मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, मग तेच करू या ना."

गणपती पोचवून आल्यावर त्याने ते केलं. या वेळी डिस्कचा काही भाग हवा की संपूर्ण, या प्रश्नाच्या वेळी मला मुद्दाम पाणी आणायला पाठवलं. विंडोज १० तसंच ठेवलं. कंपनीने सुरक्षा-अपडेटांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ दिली होती, आणि मुदतवाढ हा शब्द गोव्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शेजारी मिंट बसवलं. पुतणी म्हणाली, पडद्यामागचा फोटो तरी चांगला लावा, आणि लावून दिला. मेहुण्याने तो बदलून हिरवी टेकडी लावली. दोन्ही सिस्टमींवर. निघताना मोपाच्या सड्याकडे एकदा बघितलं आणि डिचोलीला गेला. आरत्यांचे कागद त्यानेच दुसऱ्या दिवशी एक्सपीवरून छापून पाठवले. रफार जिथल्या तिथे.

आता आमचा कंप्युटर चालू केला की आधी एक काळा पडदा येतो. त्यावर दोन नावं आणि खाली उलटी मोजणी. दहा, नऊ, आठ. दहा सेकंदांत काय हवं ते सांगा, नाहीतर तो स्वतःच वरचं उघडतो. परवा वीजबिल भरायचं होतं. मी खुर्चीत, बायको मागे उभी. मी म्हटलं, विंडोज. ती म्हणाली, भाच्याने सांगितलंय बँकेचं काम लिनक्सवर. सात. मी म्हटलं, पण माझा पासवर्ड विंडोजमध्ये आहे. पाच. आतून आई विचारत होती, कोण आलंय? तीन. बायको म्हणाली, मग विचारा त्याला फोन करून. मी फोन काढला.

आमच्या घरात दहा सेकंदांत आजवर कुठलाच निर्णय झालेला नाही. बदक उघडलं.